गुंदच्या धारेवर मोजलेल्या घारी

आकाशातले शिकारी पक्षी मोजायच्या सरकारी कामावर माझी नेमणूक झाली, तेव्हा मला अंगणातल्या फणसावर बसलेला कावळासुद्धा दिसत नव्हता. फणस दिसत होता. अगदीच आंधळा होतो असं कुणी म्हणू नये.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. जोयड्याच्या बाजूला जंगलखात्याची एक कचेरी होती, तिथं हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. कागद नाकापाशी धरला की मला मुंगीचे पायसुद्धा मोजता येत. पण दहा हातांपलीकडची दुनिया म्हणजे पावसात भिजलेली रांगोळी. ही गोष्ट मी सगळ्यांपासून लपवली होती, सासुरवाडीपासून तर खासच. लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"पोराची नजर कशी हाय? आमच्याकडं रान हाय. रानात नजर लागती."

माझे काका पटकन म्हणाले होते, "घारीची हाय." (काकांनी खानापूरच्या बाजारात अशाच बोलीवर बरेच बैल खपवले होते.)

आमचे साहेब गोरे, उंच आणि पक्ष्यांपायी वेडे झालेले. त्यांचं म्हणणं असं, की थंडीत उत्तरेकडून आलेले ससाणे, गरुड, शिक्रे शिमग्याच्या सुमाराला माघारी निघतात. गुंद गावावरच्या डोंगराला ऊन वारा धडकून वर चढतो, आणि त्या वाऱ्यावर पंख टाकून हे पक्षी डोंगराच्या धारेवरून आयते उत्तरेला वाहत जातात. किती जातात, कोणत्या जातीचे जातात, हे कुणी मोजलेलं नव्हतं.

"कारकून, तुमची बायको गुंदची आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"होय, साहेब."

"मग शिमग्यापासून पाडव्यापर्यंत तुम्ही तिथं राहायचं. रोज धारेवर बसायचं आणि मोजायचं. काम चांगलं झालं तर तुमचं नाव कायम करतो."

कायम हा शब्द ऐकल्यावर नजरेचं बोलणं माझ्या तोंडून निघेना. दुर्बीण साहेबांच्या गळ्यात होती आणि ती तिथंच राहिली. लोकांना साहेब बोलण्यात धारेवर धरतात. मला त्यांनी खरोखरच धारेवर नेऊन बसवलं.

बायको मात्र खूश झाली. पंधरा दिवस माहेर मिळणार होतं. तुळसा तिचं नाव. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पहिल्या दिवशी मी धारेवर एका खडकावर छत्री लावून, वही उघडून बसलो. वहीत रकाने आखलेले: वेळ, जात, संख्या, दिशा. दुपारी तुळसा भाकरीची बुट्टी घेऊन वर आली, तेव्हा चारही रकाने मी सकाळी आखले तसेच स्वच्छ होते.

"त्यो बघा गरुड," ती म्हणाली.

"कुठं?"

"ह्यो काय. बोट दावतोय न्हवं मी?" (तिकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात.)

"बोट दिसतंय," मी म्हणालो.

तिनं बुट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं निरखून बघितलं. मग फणसावरच्या कावळ्याबद्दल विचारलं, देवळाच्या कळसाबद्दल विचारलं, गेल्या जत्रेत लांबून हात केला तेव्हा मी तोंड का फिरवलं ते विचारलं. सगळ्याची उत्तरं एकच निघाली. शेवटी ती हळूच म्हणाली, "आणि लगीन ठरताना मला बघितलं, तवा?"

"पाणी द्यायला जवळ आलीस तेव्हा बघितलं. चांगलं बघितलं."

ती हसली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. तिनं खडकावर उताणं पडून आभाळ बघायचं आणि मी लिहायचं. रानात वाढलेली ती. पक्ष्याच्या नुसत्या आकारावरून जात सांगायची. "शेपटीला खाच हाय, ती घार. लिवा. पंख कोयत्यासारखं टोकदार, त्यो ससाणा. लिवा. पंखाच्या टोकाला बोटं फुटल्यात, गरुड. दोन हायत. लिवलं का?" आठ दिवसांत वही अशी भरली, की तीत लिहिलेलं मीच कौतुकानं परत परत वाचू लागलो. इथं माझं डोकं फिरलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "आज किती गेली?"

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

"एवढ्या उंचावरचं दिसतं तुमास्नी?"

"सवयीचं काम आहे, मामा." इथं थांबायला हरकत नव्हती. "आज एक ससाणा तर इतका वर होता, की दुसऱ्या कुणाला दिसलाच नसता."

तुळसा भात वाढत होती. तिची पळी हवेतच थांबली. त्यात मामी, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "तुळसे, शिक जरा नवऱ्याकडनं. तिथं दिवसभर नुसती लोळत असतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन निघालो, तर तुळसा उखळाशी बसलेली.

"आज तुमीच मोजा," ती मुसळ न थांबवता म्हणाली. "दुसऱ्या कुणाला न दिसणारी आज जास्त जाणार हायत."

त्याच सकाळी मामाही घराबाहेर पडले. एक म्हैस रात्री गोठ्यात परतली नव्हती, तिला हुडकायला ते दरीत निघाले होते. शिमग्याला पळसाच्या फुलांत रंगवलेलं पिवळंधमक मुंडासं त्यांनी डोक्याला गुंडाळलं होतं. मामी म्हणाल्या, "सणाचं मुंडासं रानात कशाला?" मामा म्हणाले, "म्हशीला लांबनं वळखू यावं म्हणून." ते उत्तर देऊन ते गेले.

मी धारेवर एकटा बसलो. आभाळ निळं होतं, एवढं माझ्या खात्रीचं. त्यापुढं काही सांगता येईना. मनानंच आकडे लिहावे असा विचार एकदा आला, पण तेवढं धाडसही माझ्यात नव्हतं. आणि मग, ऊन तापल्यावर, दरीच्या अंगाला काहीतरी हललं. मोठं, काळपट आणि चांगलं खाली. मलासुद्धा दिसलं. डावीकडून आलं आणि उजवीकडं, उत्तरेला गेलं. मी लिहिलं: घार, एक. थोड्या वेळानं आणखी एक. मग दोन. मग तर रांगच लागली. (मधूनच काही उजवीकडून डावीकडं जात होत्या. प्रवासात माणसांचंही काही ना काही मागं राहतं, म्हणून त्या मी धरल्या नाहीत.) सूर्य डोक्यावर येईपर्यंत माझा आकडा एकशे सत्तेचाळीसवर गेला. तुळसाचा सगळ्यात मोठा दिवस त्रेसष्टचा. मला तिची दया येऊ लागली.

एवढ्यावर थांबलं नाही. दरीतून एक आवाजही येत होता: "पूऽ… पूऽ…" साहेबांची ताकीद होती, की अनोळखी आवाज लिहून ठेवायचा, आणि जमलं तर तसाच आवाज काढून पक्ष्याला बोलतं करायचं. मी लिहिलं: "दरीत मोठा पक्षी. आवाज कुकुडकोंब्यासारखा, पण जास्त घोगरा. पक्षी बराच चिडलेला वाटतो." मग तोंडाशी हात धरून मीही "पूऽ पूऽ" केलं. पक्षी जरा वेळ गप्प बसला आणि मग दुप्पट चिडून ओरडू लागला. मी लिहिलं: "उत्तर देतो." हे असं अर्धा तास चाललं. नोकरीत इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

तेवढ्यात तुळसा चढण चढून वर आली. हातात बुट्टी नव्हती.

"अप्पा इकडं आल्ते का?"

"नाही. पण हे बघ, एकशे सत्तेचाळीस."

"अवो, ते सकाळधरनं गेल्यात. सूर्य डोक्यावर आला तरी पत्ता न्हाई. म्हस पण न्हाई." ती बोलता बोलता माझ्या बोटाच्या दिशेनं बघू लागली आणि तिचा चेहरा बदलला. "कसल्या घारी ह्या?"

"उत्तरेला चालल्यात."

"कुठं बी चालल्या न्हाईत. गिरक्या घेत्यात. तीच तीच परत येत्यात." तिनं ओठ हलवत मोजलं. "अकरा हायत. आणि घारी न्हाईत त्या. गिधाडं हायत."

गिधाडं एका जागेवर कशासाठी फिरतात हे गुंदमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. त्या जागेच्या खाली दरी होती आणि दरीत मामा गेले होते. मी सकाळपासून त्या गिरक्या आनंदानं मोजत बसलो होतो, हे लक्षात आल्यावर मी वही मिटली. आजही तो क्षण आठवला की हसू येत नाही.

तुळसा धावत सुटली. मी छत्री घेऊन मागं.

"अगं, वाघबीघ असेल."

"असंल तर असू दे."

अर्ध्या उतारावर थांबून तिनं दरीत हाक मारली, "अप्पाऽ!"

खालून आवाज आला: "पूऽ… पूऽ…"

"हाच तो पक्षी," मी म्हणालो.

तुळसानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. "त्यो पक्षी न्हाई," ती म्हणाली. "अप्पा हायत. 'जावईबापू' म्हणून हाका मारत्यात."

मामा जिवंत होते. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं (आणि जे थोडंफार दिसत होतं तेही दिसेनासं झालं). पण लगेच लाजही वाटली. म्हातारा माणूस जिवाच्या आकांतानं आपल्याला बोलावतो आणि आपण वरून त्याला पू पू करतो. त्या लाजेच्या भरात मी तुळसाला मागं टाकून पुढं धावलो.

ओढ्याच्या काठाला मोकळी जागा होती. तिथं म्हैस मरून पडली होती. ती मला आधी नाकानं कळली. तिच्यापलीकडं, कळकाच्या बेटाखाली, उन्हासावलीत काहीतरी पिवळं आडवं पडलेलं होतं. मुंडासं. पळसाचा रंग मी ओळखला. मामा तिथं निपचित पडले होते आणि मघापासूनचा आवाजही आता बंद झाला होता.

मी जवळ गेलो. त्यांच्या तोंडावर रणरणतं ऊन येत होतं, म्हणून मी छत्री फाट्कन उघडली, त्यांच्यावर धरली आणि वाकून म्हणालो, "मामा, घाबरू नका. मी आलोय. पाणी पाहिजे का?"

मामा उठले. जखमी माणूस उठावा तसे नाही. चांगले चार पायांवर उठले.

जवळचं मला उत्तम दिसतं, हे मी सांगितलं आहेच. मला एकेक मिशी दिसली. कपाळावरचा पट्टा न् पट्टा दिसला. चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त गोंधळ होता. त्याला मामा म्हणून पाणी विचारणारा माणूस त्याच्या आयुष्यात पहिलाच भेटला असावा. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या काळ्या गोल छत्रीकडं बघितलं, आणि कानांऐवजी पोटात ऐकू येईल असा एक आवाज काढला. मग तोंड फिरवून तो ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेला. पळाला नाही. नको त्या पाहुण्याला टाळून घरातून बाहेर पडावं, तसा गेला.

मी छत्री धरून तसाच वाकलेला. मिटायची कशी ते आठवेना.

"गेला का?" वरून आवाज आला.

"गेला," मी छत्रीखालून म्हणालो.

"मग मला उतरवा. मुंडाशाची गाठ सुटंना झालीया."

मामा माझ्या डोक्यावरच्या झाडात होते. सकाळी म्हशीपाशी आले, तर वाघ तिथंच. मिळेल त्या झाडावर चढले, आणि भोवळ येऊन पडू नये म्हणून मुंडाशानं स्वतःला फांदीला बांधून घेतलं. वाघ खाऊन कळकाखाली झोपला, गिधाडं जमली, आणि मामा ओरडत बसले. मी येताना त्यांना लांबून दिसलो होतो. वाघ जागा होऊ नये म्हणून तेव्हापासून ते तोंड दाबून नुसते हात हलवत होते. मला ते कुठलं दिसायला!

तुळसा जिथं होती तिथंच खाली बसली होती. रडतेय की हसतेय ते कळेना. जवळ गेल्यावर कळलं, दोन्ही. आम्ही दोघांनी मिळून मामांना उतरवलं. ते आधी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी माझे खांदे धरले.

"निजलेल्या वाघाच्या तोंडासमोर छत्री उघडली," ते म्हणाले. त्यांचा घसा पार बसला होता. "आख्ख्या गुंदात अशी छाती न्हाई."

"मामा, मी खरं तर…"

"काय बोलू नगा."

मी वडीलधाऱ्यांचं ऐकलं. मी आजवर ऐकलेल्या आज्ञांत ही सगळ्यात सोपी.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पसरली. पहिल्या घरी मी छत्री उघडली होती, तिसऱ्या घरी ती वाघाला मारली होती, आणि देवळापर्यंत पोचेतो वाघ माझ्या पाया पडून गेला होता. लोक छत्री बघायला आले. मामींनी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी नजर काढली. मुळात नसलेली नजर काढायला त्यांना बराच वेळ लागला. तुळसा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. हा माणूस कुठवर जातो ते तिला बघायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती परत धारेवर येऊ लागली. तेवढं मात्र मी पाया पडून मिळवलं.

पाडव्याला साहेब घोड्यावरून आले. मामांनी त्यांना अंगणात बसवून सगळी हकिकत ऐकवली, स्वतः वाघ होऊनसुद्धा दाखवलं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कारकून, तुम्ही टेबलावर बसून फुकट चालला. अणशीच्या जंगलात मला रखवालदार पाहिजे. तिथं वाघ फार आहेत. माणसं राहत नाहीत, भितात. उद्यापासून तुम्ही तिथं जा. नोकरी कायम."

मामांची मान अभिमानानं ताठ झाली. माझ्या डोळ्यांसमोर अणशीचं रान उभं राहिलं. त्यातला प्रत्येक बुंधा, प्रत्येक खडक मला मामांसारखा दिसणार होता, आणि प्रत्येकाला मी पाणी विचारणार होतो.

"साहेब," मी म्हणालो, "मला दिसत नाही."

मग सगळं सांगितलं. भरल्या अंगणात, काकांच्या घारीपासून वाघाला मामा म्हणण्यापर्यंत. साहेबांनी वही मागितली. नवव्या दिवसाचं पान उघडून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पक्षी बराच चिडलेला वाटतो." खाली एकशे सत्तेचाळीस घारी मी त्याच संध्याकाळी खोडल्या होत्या आणि लिहिलं होतं: गिधाडं, अकरा, कुठंही गेली नाहीत.

"बाकीचे दिवस कोणी मोजले?"

मी तुळसाकडं बोट केलं. साहेबांनी आभाळात एक ठिपका दाखवला. (त्यांनी दाखवला म्हणून ठिपका म्हणतो.)

तुळसा म्हणाली, "शिक्रा. मादी हाय. मोठी हाय न्हवं."

साहेब बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि तिच्या हातात दिली.

"कारकून, तुम्ही आकडा खोडला, हे चांगलं केलं. नाव कायम. पण कचेरीत, खुर्चीवर. आणि पुढच्या वर्षी मोजणीला बाईंनी यायचं. तुम्ही लिहायला या." मग ते म्हणाले, "आणि बेळगावला जाऊन चष्मा घ्या. आधी चष्मा."

माझ्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं. राहिले फक्त मामा. सगळं ऐकून ते गुढीखाली एकटेच बसले होते. मी जाऊन पायांपाशी बसलो.

"म्हंजे जावईबापू," ते सावकाश म्हणाले, "तुमास्नी त्यो वाघ दिसला, आणि वाटलं ह्यो आपला मामा?"

"व्हय, मामा. चुकलं माझं."

"एवढा पट्ट्यापट्ट्यांचा वाघ. त्यो बघून मी आठवलो?"

"व्हय."

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि घरात बघून हाक दिली, "अगं, ऐकलंस का जावई काय म्हणतोय?"

त्यानंतर सगळ्या पंचक्रोशीत मामा ही गोष्ट सांगत फिरले. त्यांच्या गोष्टीत छत्री नव्हती, म्हैस नव्हती, झाड तर नव्हतंच. एकच वाक्य होतं: "वाघ आणि मी शेजारी उभं ऱ्हायलो, तर आमच्या जावयाला वेगळं वळखू येत न्हाई."

महिन्याभरानं मी चष्मा लावून गुंदला गेलो. मामा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, छाती काढून, हनुवटी वर करून उभे राहिले. लांबून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. फेंगड्या पायांचे, सुकल्या दोडक्यासारखे एक वाळकुडे गृहस्थ होते.

"आता कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"तसेच, मामा," मी म्हणालो. "पट्ट्यांसकट."

जग स्वच्छ दिसू लागल्यावर मी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि ते धडधडीत खोटं होतं.